एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, संघांनी तरुण क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) कसा निवडावा? आणि त्याला पहिल्याच वर्षी खेळवावं की बसवून ठेवावं?

त्याला वाचवणारी पुढची लाइन धड नसेल तर अजिबात खेळवू नये. मी शिकागोच्या उपनगरात राहते, इथल्या बेअर्स संघाच्या मॅच बघते, आणि माझा मुलगा हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक होता. या प्रश्नावर मला शांतपणे बोलता येत नाही.

तो सॉफमोर, म्हणजे दहावीत, असताना व्हर्सिटीच्या (शाळेच्या मुख्य संघाच्या) क्वार्टरबॅकचा खांदा गेला आणि कोचनी याला जेव्हीतून, म्हणजे ज्युनियर संघातून, वर घेतलं. त्या वर्षी लाइनच्या टोकांना उभे राहणारे दोन्ही टॅकल नवे होते. मी म्हटलं, सिनियर बॅकअप आहे ना, त्याला खेळवा, हा सीझन याला जेव्हीतच राहू द्या. माझा दादा इथेच जवळ राहतो, मुलाला बॉल फेकायला त्यानेच शिकवलं. तो म्हणाला, "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का? तू आई आहेस म्हणून घाबरतेस." कोचचंही तेच मत. मग माझं कोण ऐकणार!

आधी हा पोरगा पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनने राखलेल्या जागेत, निवांत उभा राहायचा. पास झेलणारा पहिला रिसीव्हर झाकलेला असला तर दुसरा, मग तिसरा, आणि नजर कायम वर. दर शुक्रवारी मार खाऊन ती नजर खाली आली. रिसीव्हर सोडून तो अंगावर येणाऱ्यांकडे बघायला लागला. पहिला रीड, म्हणजे आधी बघायचा तो रिसीव्हर, मोकळा मिळाला नाही की पळ काढायचा. पाय रोवायच्या आत थ्रो. मला ब्लीचर्सवरून हे स्पष्ट दिसत होतं आणि कोच त्याच्या टफनेसचं कौतुक करत होते. पुढच्या वर्षी लाइन चांगली झाली, पण सवय गेली नाही. कोणी जवळ नसतानाही तो पॉकेट सोडून पळायचा.

तरुण क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड 2019 मध्ये पेट्रिअट्सविरुद्ध खेळताना माइकवर बोलून गेला की मला भुतं दिसतायत, म्हणजे नसलेली माणसंही अंगावर येताना दिसतायत. सगळ्या देशाने त्याची टिंगल केली. मला रडू आलं होतं. 22 वर्षांचा मुलगा तो! तोच डार्नल्ड 2023 मध्ये फोर्टीनाइनर्सकडे ब्रॉक पर्डीच्या मागे बसला आणि 2024 मध्ये त्याने व्हायकिंग्जला 14-3 (14 विजय, 3 पराभव) करून दिलं. गुणवत्ता त्याच्यात पहिल्यापासून होती.

आमच्या बेअर्सनी तर यात पीएचडी केली आहे. 26 सप्टेंबर 2021, क्लीव्हलँड, नवा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सची पहिली स्टार्ट, म्हणजे सुरुवातीपासून खेळलेली पहिली मॅच. 9 सॅक (पास फेकायच्या आतच त्याला पाडलं), आणि सॅकचं नुकसान वजा केल्यावर पासिंगचा अख्खा हिशेब 1 यार्ड. मॅच दादाच्याच घरी बघत होतो. त्याआधी अनुभवी डाल्टनला बसवा आणि फील्ड्सला खेळवा म्हणून दादाच ओरडत होता.

उलट कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स बघा. 2017 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दहाव्या नंबरवर घेतला, अॅलेक्स स्मिथच्या मागे बसवला, शेवटची एकच मॅच दिली. पुढच्या वर्षी 50 टचडाउन आणि एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. रॉजर्स आणि लव्ह हे क्वार्टरबॅकही ग्रीन बेमध्ये तीन-तीन वर्षं बसले. हे बाकीच्यांना का जमत नाही? 2011 पासून रूकी (नव्या खेळाडूंचे) करार स्वस्त झाले, त्यामुळे मालकाला ती चार वर्षं वाया घालवायची नसतात. आणि कोचची नोकरी जायची वेळ आलेली असते, त्यामुळे तो नव्या मुलाला पुढे करतो.

निवडीबद्दल विचारलंय तर सांगते. हाताची ताकद सगळेच मोजतात, मी ब्लिट्झ आल्यावर, म्हणजे जादा माणसं अंगावर धावून आल्यावर, नजर कुठे जाते ते बघीन. आणि त्याला घेण्याच्या नादात त्याची माणसं विकू नका. पँथर्सनी 2023 ला क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी ड्राफ्टच्या पिक्ससोबत रिसीव्हर डीजे मूरही देऊन टाकला. मग तो बॉल फेकणार कोणाला? वर 11 मॅचनंतर हेड कोचलाच काढलं. यंगने 62 सॅक खाल्ले.

आता बसवलं म्हणजे प्रत्येक जण महोम्स होतो असं मी म्हणत नाही, आणि काही जण पहिल्याच दिवसापासून खेळून मोठे झालेत. दादा दर थँक्सगिव्हिंगला पेटन मॅनिंगचं नाव काढतो. 1998 मध्ये लगेच खेळला, 28 इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेले पास), संघ 3-13, आणि पुढच्या वर्षी 13-3. सगळं खरं आहे. पण त्या अख्ख्या सीझनमध्ये मॅनिंग 22 वेळाच सॅक झाला. आमचा केलेब विल्यम्स 2024 मध्ये 68 वेळा. मॅनिंगला चुका करायला तरी वेळ मिळत होता. माझ्या मुलाला तो मिळाला नाही, आणि दादाने हे एकदा तरी त्याच्यासमोर मान्य करावं.