बॉर्डर कॉली आम्हाला झेपेल का?

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो, घर दोन खोल्यांचे आहे आणि ७ वर्षांच्या मुलीने बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याचा हट्ट धरला आहे. ही जात आम्हाला योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण घराचा आकार हे नव्हे. मेंढ्यांचे कळप वळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या या जातीला डोके चालवायला काम मिळाले नाही, तर ती ते स्वतःच शोधते. मग पळणाऱ्या मुलीच्या टाचांना हलकेच दात लावून तिलाच कोपऱ्यात वळवणे हा तिचा उद्योग होऊन बसतो. उलट शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेला ग्रेहाउंड घरात बहुतेक वेळ सोफ्यावर लोळत काढतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. लॅब्राडॉर मुलांत रमतो, मात्र त्याचे केस फार गळतात आणि खादाडपणामुळे वजन चटकन वाढते. जात कोणतीही असो, ३ महिन्यांचे पिल्लू ३-४ तासांपेक्षा जास्त लघवी रोखू शकत नाही, म्हणून दिवसभर बंद राहणाऱ्या घरात ते आणू नये. स्वभाव एव्हाना कळून चुकलेला, २-३ वर्षांचा शांत कुत्रा, मग तो संकरित का असेना, तुम्हाला अधिक सोयीचा पडेल. अर्थात त्यालाही दुपारी फिरवून आणणारे कोणीतरी लागेलच.