३८१६५४७२९० मध्ये एवढं काय आहे?

प्रश्न: आमच्या बाबांनी सातवीतल्या नातीला कॅलेंडरच्या पानामागे ३८१६५४७२९० हा आकडा लिहून दिला आणि म्हणाले, यात एक भारी गोष्ट आहे, शोध. तिला एवढंच दिसलं की ० ते ९ सगळे अंक एकेकदाच आलेत. पण असे तर लाखो आकडे होतील ना? मग याचंच कौतुक का? – एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, लेकीची सुरुवात मस्त झालीये. असे दहा अंकी आकडे ३२,६५,९२० आहेत, हे तुमचं बरोबरच. पण आता तिला सांगा, बाकीचा आकडा हातानं झाक आणि डावीकडून एकेक अंक उघडत जा. ३८ ला २ नं भाग जातो, ३८१ ला ३ नं, ३८१६ ला ४ नं, असं करत करत ३८१६५४७ ला ७ नं (५४५२२१ येतात, करून बघा), मग ८ नं, ९ नं आणि अख्ख्या आकड्याला १० नं. कुठेच बाकी उरत नाही! आणि त्या साडेबत्तीस लाखांत असा हा एकटाच.

मला तर तो एकटाच का, यातच खरी मजा वाटते, आणि त्याला कॉम्प्युटर लागत नाही, पाठकोरा कागद पुरतो. १० नं भाग जायचा तर शेवटी ० हवाच, मग पाचवा अंक ५ च. सम जागांवर सम अंक, म्हणजे विषम जागांना १, ३, ७, ९ उरले. तिसरा अंक विषम असल्यामुळे ४ च्या कसोटीला चौथा अंक २ किंवा ६ च लागतो (१२, ३६ चालतात, १४ नाही), ८ च्या कसोटीला आठवाही तसाच, म्हणून दुसऱ्या आणि सहाव्या जागेला ४ आणि ८. त्यात ३ ची कसोटी लावली की मधे २५८ नाहीतर ६५४ एवढंच बसतं. सगळं जुळवून शेवटी फक्त १० आकडे उरतात, आणि ७ नं भागायचं तेवढं राहतं.

ते दहाही मी परवा रात्री लग्नपत्रिकेच्या पाकिटावर भागले. त्यात ९८७६५४३२१० पण आहे बरं का, इतका सरळ उतरत येणारा आकडा, बाकी सगळ्या कसोट्या पास होतो आणि नेमका ७ ला अडकतो, ९८७६५४३ ला बाकी ५. खूप हळहळ वाटली. एकेक करत नऊ गळले आणि बाबांचा आकडा राहिला.

आणि अंक परत आले तरी चालतील म्हटलं, तर ही साखळी २५ अंकांपर्यंत जाते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पुढे सव्वीसावा अंक कुठलाच बसत नाही. आता नातीला सांगा, हा आजोबांच्या कॅलेंडरमागे लिहून ठेव, आणि म्हण, शोधा.