पहिल्यांदाच स्वतः जोडायचा, कमी आवाजाचा गेमिंग संगणक: भाग कसे निवडावेत?

तुमच्या प्रश्नातून कळते ते असे: पडदा २५६० × १४४० चा आहे, खेळ चांगल्या दर्जाच्या सेटिंगवर खेळायचे आहेत, त्याच खोलीत रात्री दुसरे कुणीतरी झोपलेले असते, आणि संगणक स्वतः जोडण्याची ही तुमची पहिलीच वेळ आहे. त्यासाठी लिक्विड कूलर, आतून फोम लावलेले कॅबिनेट आणि हजार वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा का, आणि जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकात बसवावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते पहिल्या तीन गोष्टींपैकी एकीवरही आवाज मुख्यतः अवलंबून नाही. खेळ चालू असताना संगणकातली बहुतांश उष्णता ग्राफिक्स कार्डात तयार होते. त्यामुळे संगणक शांत राहणार की नाही, हे ग्राफिक्स कार्ड निवडतानाच बव्हंशी ठरून जाते, आणि बाकीचे भाग निवडताना ती शांतता बिघडणार नाही एवढेच पाहायचे असते.

यामागचे गणित एकदा समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. संगणक जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि ती वाहून नेण्याचे काम अखेर पंख्यांनाच करावे लागते. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. याउलट तेवढ्याच आवाजाचा आणखी एक पंखा शेजारी लावला, तर एकूण आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट किंवा निमपट भासतो, हे लक्षात घेतले तर दोन मोठे पंखे संथ चालवणे एक छोटा पंखा जोरात पळवण्यापेक्षा कितीतरी फायद्याचे का ठरते, ते कळेल. म्हणून भाग निवडताना प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावेत: हा भाग किती वॅट उष्णता टाकणार आहे, आणि ती काढण्यासाठी पुरेसा धातू व पुरेशी मोकळी वाट आहे का?

आता ग्राफिक्स कार्ड. एकाच पिढीच्या आणि साधारण एकाच कामगिरीच्या कार्डांमध्येही विजेच्या मागणीत बराच फरक असतो. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०७० ची घोषित मर्यादा २०० वॅट आहे, तर तिच्याच तोडीच्या, एएमडीच्या आरएक्स ७८०० एक्सटीची २६३ वॅट. नंतरच्या पिढीत आरटीएक्स ५०७० २५० वॅटची आणि आरएक्स ९०७० २२० वॅटची आहे. तुमच्या पडद्यासाठी २०० ते २५० वॅटच्या टप्प्यातले कार्ड पुरेसे आहे. आरटीएक्स ४०९० सारखे ४५० वॅटचे कार्ड शांत ठेवता येत नाही असे नाही, पण त्यासाठी लागणारे कॅबिनेट, हवा आणि अनुभव पहिल्या जोडणीत अंगावर घेऊ नयेत.

चिप ठरली म्हणजे निवड संपली असे मात्र समजू नये. तीच चिप वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या हीटसिंकसह (उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यासह) विकतात आणि आवाजातला खरा फरक तिथे पडतो. दोन पंख्यांचे आखूड कार्ड आणि तीन पंख्यांचे जाड, लांब कार्ड यांची खेळातली गती जवळपास सारखीच असते, पण जाड हीटसिंकचे कार्ड तेवढीच उष्णता पुष्कळ कमी वेगाच्या पंख्यांनी बाहेर टाकते. म्हणून पूर्ण भारावरचा आवाज मोजून दाखवणारी परीक्षणे वाचावीत आणि त्यातही एकाच परीक्षकाचे आकडे आपापसांत ताडून पाहावेत. एक जण अर्ध्या मीटरवरून मोजतो, दुसरा एका मीटरवरून, त्यामुळे दोघांचे डेसिबल शेजारी मांडण्यात अर्थ नसतो. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक करून (मूळ गती वाढवून) आलेल्या आवृत्तीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण तिच्यातून मिळणारी सेकंदाला दोनचार फ्रेमची (चित्रांची) वाढ विजेच्या रूपाने पुन्हा पंख्यांवरच येते. काही कार्डांवर दोन बायॉसमध्ये (कार्डातल्या अंगभूत प्रोग्राममध्ये) निवड करणारे छोटे बटण असते. त्यातला शांत पर्याय निवडावा. कमी भारावर पंखे पूर्ण थांबवणारी सोय आता बहुतेक कार्डांत असतेच.

कार्ड बसवल्यानंतरही त्याचा आवाज बराच खाली आणता येतो, आणि तोही फुकट. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि घड्याळगतीच्या प्रमाणात वाढत असल्याने शेवटच्या थोड्याशा गतीसाठी ती भरमसाट वीज खाते. कार्डाची पॉवर लिमिट (वीज घेण्याची कमाल मर्यादा) ८० टक्क्यांवर आणली तर खेळाची गती बहुधा काही टक्क्यांनीच घटते, पण उष्णता पंचमांशाने कमी होते. अंडरव्होल्टिंग, म्हणजे त्याच गतीसाठी चिपला कमी व्होल्टेज देणे, नीट जमले तर तेवढाही तोटा होत नाही, मात्र त्यासाठी धीराने चाचण्या घ्याव्या लागतात. पॉवर लिमिटचा पट्टा सरकवणे हे नवशिक्यासाठी निर्धोक आहे. याखेरीज फ्रेमची मर्यादा अवश्य ठरवावी. पडदा १६५ हर्ट्झचा असेल आणि अडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या फ्रेमनुसार पडद्याची गती बदलणारी सोय) चालू असेल, तर मर्यादा त्याच्या किंचित खाली ठेवावी. खेळाच्या मेनूमध्ये काहीही घडत नसताना कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसते, ते त्यामुळे थांबते.

याच मर्यादेचा आणखी एक उपयोग आहे. कार्डावरच्या कॉइल विद्युतप्रवाहातल्या झपाट्याच्या चढउतारांमुळे कंप पावतात आणि बारीक, तीक्ष्ण असा किणकिणाट ऐकू येतो. त्याला कॉइल व्हाइन म्हणतात. फ्रेम जितक्या जास्त, तितका तो बहुधा ठळक होतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही तो कमीजास्त असतो, त्यामुळे परीक्षण वाचून त्याचा भरवसा देता येत नाही. खरेदीपूर्वी माल परत करण्याचे नियम नीट वाचून ठेवणे, एवढाच उपाय आपल्या हाती असतो.

सीपीयूच्या (मुख्य प्रोसेसरच्या) बाबतीत लोक गरजेपेक्षा जास्त खर्च करतात असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या पडद्याच्या रिझोल्यूशनवर बहुतेक खेळांत गती ग्राफिक्स कार्डापाशीच अडते. एएमडीच्या रायझन ५ ७६०० चा टीडीपी (कंपनीने सांगितलेली उष्णतेची पातळी) ६५ वॅट आहे आणि मूळ सेटिंगवर तो ८८ वॅटपलीकडे जात नाही. रायझन ७ ७८००एक्स३डी वर १२० वॅट असे लिहिलेले असले, तरी खेळताना तो त्यापेक्षा पुष्कळ कमी वीज घेतो, म्हणून पैसे असतील तर शांत संगणकासाठी तो उत्तम. इंटेलच्या कोअर आय९ १४९००के ची कमाल टर्बो मर्यादा मात्र २५३ वॅट आहे. तेवढी वीज खेळात सहसा लागत नाही हे खरे, पण केवळ खेळण्यासाठी तो घेण्याचे कारण मला दिसत नाही.

त्यावर बसवायचा कूलर हवेचाच असावा. लिक्विड कूलरमध्येही उष्णता शेवटी रेडिएटरवरच्या पंख्यांनीच बाहेर टाकायची असते, आणि शिवाय संगणक चालू असेपर्यंत न थांबणारा पंप आवाजाचा एक नवा उगम म्हणून आत येतो. पंपाची घरघर दिवसा कळत नाही. रात्री, पंखे जवळजवळ थांबलेले असताना, तीच तेवढी उरते. दोन मनोऱ्यांचा, सहा हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हे वर सांगितलेल्या सीपीयूंसाठी पुरून उरतात. पहिल्याची उंची १५५ मिमी आणि दुसऱ्याची १६५ मिमी आहे. कॅबिनेट किती उंचीचा कूलर सामावून घेते ते आधी पाहावे आणि पुढच्या पंख्याखाली रॅम बसते का, हेही तपासावे. रायझन ५ ७६०० सोबत खोक्यात येणारा छोटा कूलर संगणक थंड ठेवतो, पण शांत ठेवत नाही.

कॅबिनेटबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. फोम लावलेल्या बंद पुढच्या बाजूमुळे वरच्या पट्टीतला आवाज थोडा दबतो, पण हवेची वाटही अरुंद होते. मग कार्डाचे पंखे वेग वाढवतात आणि जेवढे कमावले त्याहून जास्त गमावले जाते. ७५-१०० वॅटच्या संगणकाला असे कॅबिनेट शोभून दिसते. तुमच्या संगणकातून खेळताना साडेतीनशे वॅटच्या आसपास उष्णता निघेल, तेव्हा पुढची बाजू पूर्ण जाळीची असलेले आणि १४० मिमीचे पंखे बसणारे कॅबिनेट घ्यावे. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढी मांडणी पुरते. पुढच्या जाळीमागे सहज काढून धुता येणारा धूळगाळ असावा, कारण धूळ भरलेला हीटसिंक काही महिन्यांत सगळे हिशेब बिघडवतो. कार्डाची लांबी कित्येकदा ३०० मिमीच्या वर जाते. तो आकडा कॅबिनेटच्या मापांशी ताडून घ्यावा. आणि संगणक टेबलावर कानाशेजारी न ठेवता खाली, पलंगापासून दूरच्या बाजूला ठेवावा. अंतर वाढवण्याइतका स्वस्त दुसरा उपाय नाही. (हेडफोन लावला की आपला प्रश्न सुटतो, झोपलेल्या माणसाचा सुटत नाही.)

हजार वॅटच्या पॉवर सप्लायची गरज नाही. आरटीएक्स ४०७० साठी एनव्हिडियाची शिफारस ६५० वॅटची आहे. ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा चांगला सप्लाय घेतला तर भार निम्म्याच्या आसपास राहतो आणि त्याचा पंखा संथ फिरतो किंवा बंदच असतो. ८० प्लसचे मानांकन कार्यक्षमतेचे आहे, आवाजाचे नव्हे. आवाजासाठी सायबेनेटिक्स ही चाचणी संस्था वेगळी श्रेणी देते, आणि तिच्यात १५ डेसिबलच्या खालचे सप्लाय सर्वोच्च श्रेणीत येतात. जुन्या सप्लायच्या मॉड्युलर (सुट्या काढता येणाऱ्या) केबल नव्याला कधीही लावू नयेत, कारण खाच जुळली तरी आतल्या तारांची जागा वेगळी असू शकते आणि भाग जळतात.

मदरबोर्डवर चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) स्वतःचा पंखा नसावा. २०१९ मध्ये आलेल्या एक्स५७० च्या बहुतेक बोर्डांवर तो होता, बी६५० च्या बोर्डांना तो लागत नाही. पंख्यांसाठी चार पिनांचे किमान चार जोड असावेत. रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००. एसएसडी चौथ्या पिढीची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी); पाचव्या पिढीची जास्त तापते आणि खेळांत तिचा फरक जाणवत नाही.

शेवटचा अर्धा आवाज सेटिंगने जातो. सीपीयूचे तापमान एखादा ब्राउझर उघडला तरी सेकंदात दहावीस अंशांनी उडी मारते आणि मूळ सेटिंगवर पंखे त्यामागे धावतात. संथ, एकसारखा आवाज कान थोड्या वेळाने विसरतो. चढउतार तो विसरू शकत नाही. म्हणून मदरबोर्डच्या बायॉसमध्ये सीपीयूच्या पंख्याचा आलेख (कोणत्या तापमानाला किती वेग, हे ठरवणारी रेषा) साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवावा आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंदांचा विलंब लावावा. कॅबिनेटचे पंखे शक्य असेल तर सीपीयूऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशी जोडावेत. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचा मोफत प्रोग्राम हे काम करतो. एखाद्या ठरावीक वेगाला पंखा किंवा कॅबिनेटचा पत्रा गुणगुणत असेल, तर आलेखात तो वेग टाळून पुढच्या वेगावर जावे. पूर्ण भारावर सीपीयू ८०-८५ अंशांवर गेला तरी घाबरू नये. ७६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि तो तिच्या आत राहण्याची काळजी स्वतःच घेतो. तापमान आणखी दहा अंश खाली आणण्याच्या हट्टापायी शांतता घालवणारे पुष्कळ जण असतात.

जोडताना रॅमच्या दोन पट्ट्या सीपीयूपासून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात, कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक काढावे आणि पडद्याची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी. पहिल्यांदा चालू केल्यावर हा संगणक रॅमची जुळणी करण्यात काही मिनिटे घालवतो आणि तोवर पडदा काळाच राहतो. त्या वेळी घाईने वीज बंद करू नये. सगळे चालू झाले की बायॉसमध्ये एक्सपो हा, रॅमला तिची घोषित गती देणारा पर्याय सुरू करावा, नाहीतर रॅम ६००० च्या गतीने चालणारच नाही.

राहिली तुमची जुनी हार्ड डिस्क. ती मिनिटाला ७२०० फेरे घेणारी असेल तर सेकंदाला १२० फेरे होतात, आणि त्याच कंपसंख्येची खालच्या पट्टीतली घुमघुम पत्र्यातून टेबलाला आणि जमिनीला जाते. वर सांगितलेल्या संथ पंख्यांपुढे ती सहज वेगळी ऐकू येईल. तिला कॅबिनेटमध्ये स्क्रूने आवळू नका. यूएसबीच्या डब्यात घालून फाइली लागतील तेव्हाच जोडा, आणि खेळ सगळे एसएसडीवरच ठेवा.