चित्रपुस्तकाची संहिता स्पर्धेला पाठवताना

प्रश्न : अप्रकाशित बालचित्रपुस्तकांच्या संहितांना मिळणाऱ्या पुरस्कारासाठी गोष्ट पाठवायची आहे. मला चित्रे काढता येत नाहीत. कुणाकडून काढून घेऊ का? गोष्टीचा काही भाग दिवाळी अंकात छापून आला आहे, तो चालेल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : चित्रे नकोत. स्पर्धा मजकुराची असेल तर हौशी चित्रांनी चांगली गोष्टही पडते, आणि चित्रकार पुढे बहुधा प्रकाशकच ठरवतो. नियमांत लेखक-चित्रकार जोडी मागितली असेल तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा गोष्ट पानापानांत विभागून पाहा. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे, म्हणजे १६ पानी दोन फर्म्यांचे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पाने). शीर्षक, श्रेय, अर्पण यांत पहिली तीन पाने गेली, की ४-५ पासून ३०-३१ पर्यंत समोरासमोरच्या १४ जोड्या उरतात. आठ कोरे कागद एकात एक दुमडून वही करा, मजकूर कापून चिकटवा. सलग चार जोड्यांत आजी-नात नुसती बोलतच बसली असतील, तर चित्रकाराने काढायचे काय, ते तिथेच कळते. ही वही पाठवायची नाही.

शब्द ५००च्या आत. ‘लाल झगा घातलेली मनू फेरीबोटीच्या कठड्याला टेकून मांडवीकडे बघत होती’ यातले झगा, कठडा, नदी सगळे चित्रात दिसणारच. उजव्या पानाच्या शेवटी ‘रायबंदर सुटले आणि वारा आला’ पुरे. पान उलटले की ‘मनू चोडणला. टोपी मांडवीत.’ कंसातली चित्रसूचना फक्त मजकूर एक सांगतो आणि चित्र दुसरे, तिथेच द्यावी : ‘मांजर कुठेच सापडेना’ (मांजर पदेराच्या टोपलीत). परीक्षक पुण्याचे असले तरी ‘पदेर म्हणजे गोव्यातला पाववाला’ अशी तळटीप लावू नका, सायकल, टोपली आणि पाव चित्रात आहेतच.

दिवाळी अंकात आले ते प्रकाशितच. फेसबुकवर टाकलेली गोष्टही बरेच आयोजक तशीच धरतात. तुमचा काही भागच आला आहे, तेव्हा आयोजकांना आधी लेखी विचारा. साहित्य अकादमीच्या बाल साहित्य पुरस्काराशी मात्र गल्लत नको. २०१०पासून दिला जाणारा तो पुरस्कार छापील पुस्तकांसाठी आहे.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल परीक्षकांच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडते. परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून नाव संहितेवरून काढले तरी फाइलच्या नावात आणि तिच्या गुणधर्मांत (प्रॉपर्टीज) राहून जाते, तेही पुसा. आणि नियमावलीत ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असे कलम असेल, तर बक्षिसाच्या रकमेत पुस्तकाचे मानधन, पुनर्मुद्रण, अनुवाद सगळेच गेले असे धरून मग पाठवायचे की नाही ते ठरवा.