नटक्रॅकर बॅलेचे पोशाख सांगलीत कसे करून घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या नृत्यवर्गाच्या मुली नाताळच्या सुट्टीत 'द नटक्रॅकर'चा पाऊण तासाचा भाग करणार आहेत. वयं सात ते पंधरा. पोशाखांचं काम तुमच्याकडे आलंय, परदेशी प्रयोगांचे फोटो बघून पालक हबकलेत, आणि तो ताटासारखा आडवा उभा राहणारा झगा, म्हणजे टुटू, इथल्या शिंप्याकडून होईल का, हे तुम्हाला कळत नाहीये.

होईल. मी सांगलीत गॅदरिंगचे, स्पर्धेच्या नाटकांचे आणि नृत्याचे कपडे शिवते. माझा पहिला सल्ला हाच की फोटो बाजूला ठेवा आणि वही घेऊन तालमीला जाऊन बसा. प्रत्येक भूमिकेला एक पान द्या. त्यावर लिहा: हात डोक्याच्या वर जातो का, मुलगी जमिनीवर बसते का, तिला कुणी कमरेला धरतं का, दोघींमध्ये अंतर किती, आणि पुढच्या प्रवेशाआधी कपडे बदलायला वेळ किती मिळतो. बॅलेचा पोशाख या पानावरून ठरतो. रंग, जर, टिकल्या हे सगळं त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलं की मुलगी सुंदर दिसते, पण हात वर केला की सगळी बॉडी, म्हणजे पोशाखाचा छाती-पोटावरचा भाग, वर चढते, आणि मग ती नाच सोडून कपडे खाली ओढत बसते.

मूळ प्रयोग डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात झाला. संगीत चायकोव्हस्कीचं, नृत्यरचना पेतिपा आणि इव्हानोव्ह यांची. झारच्या नाट्यगृहांचे संचालक व्सेवोलोझ्स्की यांनी पोशाखांची चित्रं स्वतः काढली होती. तिथे पैशाला तोटा नव्हता, त्यामुळे त्या वैभवाची बरोबरी करायला जाऊ नका. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार बॅलन्शीनचा नटक्रॅकर १९५४ साली आला, त्याचे पोशाख कारिन्स्का या बाईंनी केले होते. त्याच्या काही वर्षं आधी या दोघांनी एक अडचण सोडवली होती. टुटूच्या थरांत तारेची रिंग असते. रंगमंचावर गर्दी झाली की या रिंगा एकमेकींवर आपटतात आणि झगे वरखाली डुलतात. कारिन्स्कांनी रिंग काढून टाकली आणि नेटचे आखूड थर एकमेकांच्या आधाराने उभे राहतील असे शिवले. टुटू जरा खाली झुकतो, मऊ दिसतो, पण कुणाला लागत नाही. आपल्याकडच्या हॉलचा रंगमंच लहान आणि मुली भरपूर. तुमच्यासाठी हाच टुटू योग्य आहे.

आता तो शिवायचा कसा, ते नीट सांगते, कारण शिंपी इथेच अडतो. त्याला 'टुटू' म्हणू नका. चड्डीवर नेटच्या फ्रिलचे सहा थर लावायचे आहेत, असं सांगा. लेहंग्याखाली लावतात ते कॅनकॅन नेट घ्या. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ५४ ते ५८ इंचांचा असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी सर्वांत वरचा थर १० इंच रुंद, त्याखालचा ९, मग ८, असं करत सर्वांत खालचा ५ इंच. प्रत्येक थराला पन्न्याच्या तीन पट्ट्या जोडायच्या, म्हणजे साधारण चार मीटर लांबी होते आणि ती चुणून नितंबांच्या घेरात बसवायची. जवळजवळ सहापट चुण्या पडतात, आणि त्या दाटीमुळेच झगा उभा राहतो. चुण्या वाचवल्या की तो लोंबतो. हिशेब केलात तर एका टुटूला साडेतीन ते चार मीटर नेट लागेल. नेटची कड उसवत नाही, तेव्हा ती दुमडायची गरज नाही.

सुती चड्डी घ्या, पायाला इलॅस्टिक. तिच्यावर अर्ध्या-पाऊण इंचाच्या अंतराने आडव्या रेघा मारा. पहिला थर पायाजवळच्या रेघेवर, तो सर्वांत आखूड. मग वर वर चढत जा. सर्वांत रुंद थर शेवटी, सर्वांत वर. वरून सुरुवात केली तर खालचे थर मशीनखाली घालताच येत नाहीत. थरांच्या वर कमरेपर्यंत दोन-अडीच इंचांचा सपाट योक, म्हणजे बिनचुण्यांचा पट्टा, ठेवा, नाहीतर कमर जाड दिसते. शेवटचं काम हाताचं आहे आणि ते वगळू नका: झगा उलटा धरून जाड सुई आणि दुहेरी दोऱ्याने वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत सैल टाके घालत जा. दोरा ओढून घट्ट केलात तर झगा आवळतो, अजिबात घातला नाहीत तर प्रत्येक थर आपापल्या दिशेला जातो. दोन थरांच्या मध्ये अर्धा-पाऊण इंच मोकळा दोरा राहायला हवा. एका टुटूला संध्याकाळ जाते, पण प्रेक्षकाला जो तरंगता परिणाम दिसतो तो या टाक्यांमुळेच.

वरची बॉडी वेगळी शिवा आणि योकला टाचून घ्या. जुन्या सदऱ्याला बगलेत चौबगला, म्हणजे चौकोनी जोड, असायचा, तोच इथे ताणणाऱ्या कापडाचा लावा. हात वर गेला तरी बॉडी जागची हलत नाही. पाठीमागे चेन लावू नका. हुकांच्या दोन उभ्या ओळी द्या, म्हणजे हाच पोशाख पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला बसेल. मापं नोव्हेंबरात घेतलीत तर शिवणीत एक इंच दाब जास्त ठेवा. या वयात मुली भराभर वाढतात. आणि थेट साटीनला कात्री लावण्याआधी एक बॉडी मांजरपाटाची शिवून मुलीला नाचायला लावा. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असताना मांजरपाटाची चिंता आपण करायचं कारण नाही.

सगळ्यांनाच आखूड टुटू हवा असंही नाही. झगा फार आखूड आहे ही पालकांची काळजी मला पटते, आणि त्याला बॅलेच्याच परंपरेत उत्तर आहे. पोटरीपर्यंतचा पांढरा, मऊ नेटचा झगा १८३२ च्या 'ला सिल्फीद' या बॅलेपासून चालत आलाय. बर्फाच्या नाचातल्या सगळ्या मुलींना तो द्या, आत पूर्ण पायाचे टाइट्स. आखूड टुटू फक्त मिठाईच्या राज्यातल्या शुगर प्लम परीला ठेवा, म्हणजे ती उठूनही दिसते. १८९२ च्या हिमकणांच्या पोशाखावर पांढरे गोंडे होते. लोकरीचे गोंडे मुली स्वतः करतात, पालकही बसतात, खर्च नगण्य. सगळा झगा शुभ्र ठेवू नका, एक थर फिकट राखाडी किंवा आभाळी घाला. नाहीतर प्रकाशात सगळ्या मुली मिळून एकच पांढरा ढीग दिसतो.

नायकाबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला, शिपायाच्या वेशातला. पाठीमागचा दांडा दाबला की जबडा मिटतो आणि कवच फुटतं. सांगलीकरांना लाकडी बाहुला आणि रंगमंच यांचं नातं नवं नाही. ज्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांसमोर 'सीतास्वयंवर' उभं केलं, ते लाकडी बाहुल्याही घडवत. लाकडाला माणसासारखं हलवायचं हे त्यांचं काम. तुम्हाला माणूस लाकडासारखा दाखवायचाय. त्यासाठी कोटाच्या छातीला कमरेपर्यंत बकरम, म्हणजे कडक अस्तर, लावा, म्हणजे एकही सुरकुती पडत नाही. खांद्यांत फोम घालून ते चौकोनी करा. कोपर आणि कंबर मोकळी सोडा, कारण त्याला उंदरांशी लढायचंय. गालांवर लाल गोल, कापसाची दाढी, आणि जबड्यावर चौकोनी दात रंगवलेला अर्धा मुखवटा, इलॅस्टिकने बांधलेला. लढाईनंतर तो राजपुत्र होतो, तेव्हा ब्लॅकआउटमध्ये फक्त मुखवटा आणि दाढी निघू द्या. कोट तोच राहू द्या. नवा कोट घातलात तर मागच्या रांगेतल्या आजीबाईंना हा कोण नवीन आला ते कळणार नाही.

बाकीचे शिपाई मोठ्या वयाचे असतील तर कोट शिवूच नका. लग्नाच्या बँडवाल्यांकडे लाल कोट, सोनेरी पट्ट्या, टोप्या सगळं तयार असतं. फक्त तुळशीच्या लग्नानंतर त्यांची सराई सुरू होते, तेव्हा आधी बोलून ठेवा. लहान शिपायांसाठी ड्रेपरीवाल्याकडे, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडे, विचारा.

हा बॅले ज्या कथेवरून आला त्या हॉफमनच्या १८१६ च्या कथेत उंदरांच्या राजाला सात डोकी आहेत. रंगमंचावर एक डोकं आणि त्यावर सात छोटे मुकुट पुरतात. डोकी कागदाच्या लगद्याची करा, फोमचीही चालतील, पण मुलाला उंदराच्या तोंडातून दिसलं पाहिजे. डोळ्यांतून बघायला लावलंत तर खालचं काही दिसत नाही आणि ठेच लागते. आत काळी जाळी लावा. शेपूट पँटला शिवू नका, आतल्या पट्ट्याला बांधा, आणि घोट्याच्या वरच संपवा.

क्लारा, म्हणजे गोष्टीतली मुलगी, आधी पार्टीच्या फ्रॉकमध्ये असते आणि मध्यरात्री झोपायच्या गाऊनमध्ये. गाऊन आतच घाला, वर फ्रॉक. फ्रॉक मागून उघडा आणि मोठे टिचबटण लावा. वेल्क्रो वापरू नका, तो नेटला चिकटून फाडतो आणि शांत संगीतात त्याचा आवाज हॉलभर जातो.

दुसरा अंक मिठाईच्या राज्यात घडतो; त्यातल्या चॉकलेट, कॉफी, चहाच्या नाचांत स्पेन, अरबस्तान, चीन यांची सोंगं काढायची जुनी रीत आहे. टोकदार टोप्या, ओढलेले डोळे वगैरे. मोठ्या कंपन्यांनीही ते आता बदलत आणलंय, आणि मला स्वतःला ते मुलांकडून करवणं पटत नाही. पदार्थच दाखवा की! चहासाठी पानाचा हिरवा, कॉफीसाठी गडद तपकिरी, वर वाफेसारखा हलणारा ऑर्गंझाचा शेला. कुणी तुम्हाला म्हणेल, सगळं देशी करू, मिठाईचं राज्य आहे तर कंदी पेढा, जिलेबी आणू. करा, पण मग तो अख्खा अंक तसा करा. अर्धी जिलेबी आणि अर्धं मार्झिपान (बदामाची युरोपी मिठाई) असं झालं की दोन्ही परकी वाटतात.

कापड घ्यायला जाल तेव्हा कापड पेठेतल्या दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. तुकडे आणा आणि लाइटवाल्याला त्याच्या दिव्यांखाली दाखवायला सांगा. निळ्या प्रकाशात लाल कोट जवळजवळ काळा होतो, आणि बर्फाचा प्रवेश तर निळाच असणार. महागाची बारीक कलाकुसर पाचव्या रांगेपुढे दिसत नाही. तो पैसा चौबगल्यात, अस्तरात आणि चांगल्या नेटमध्ये घाला. चमक हवी तिथे मोठ्या टिकल्या, विरळ लावा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडे पडदा उघडण्याआधी नटराजपूजन आणि दीपप्रज्वलन होतं. नायलॉनचं नेट क्षणात पेट घेतं आणि वितळून अंगाला चिकटतं. समई विझेपर्यंत नेटमधली एकही मुलगी विंगेत येता कामा नये. हे काम एका मोठ्या माणसाला नाव घेऊन सोपवा.

टुटू हँगरला लावू नका; तो उलटा, थर वर करून, दोरीला चड्डीने टांगा किंवा एकावर एक ठेवा. धुवायचा नसतो, बॉडीला आतून सुती अस्तर लावा आणि तेवढंच काढून धुवा.

वेळ कमी असेल तर टुटूपासून सुरुवात करू नका. आज उंदरांची डोकी लगद्यात घाला, कारण ती वाळायला दिवस लागतात. तोवर मांजरपाटाची बॉडी शिवून होते. आणि रंगीत तालीम प्रयोगाच्या निदान चार दिवस आधी ठेवा, पूर्ण पोशाखात, पूर्ण दिव्यांत. आदल्या दिवशी ठेवलीत तर उसवलेलं शिवायला हातात रात्रच उरते.