फॉर्मल मेथड्समुळे सॉफ्टवेअरचा दर्जा खरंच सुधारतो का?

फॉर्मल मेथड्स म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर वागतं का हे गणिती पद्धतीने तपासणं. त्यातलंच टीएलए प्लस, म्हणजे सिस्टिमचं डिझाइन नेमकं लिहून तपासायची भाषा, वापरायचं तुमच्या टीममध्ये कुणीतरी सुचवलंय, आणि त्याने बग खरंच कमी होतील की नुसताच वेळ जाईल, असं तुम्ही विचारलंय. कमी होतील. पण कोणते कमी होतात आणि कोणते तसेच राहतात हे आधी माहीत असलेलं बरं.

मला सगळ्यात भक्कम पुरावा कंपायलरचा, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा, वाटतो. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचं टूल बनवलं. ते आपोआप सी प्रोग्रॅम तयार करतं आणि कंपायलर कुठे चुकतो ते शोधतं. २०११ साली त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा जीसीसी, एलएलव्हीएम वगैरे नेहमीच्या वापरातले कंपायलर धरून ३२५ हून जास्त नवे बग सापडले होते. कॉम्पसर्ट या कंपायलरचा मधला भाग मात्र गणिती सिद्धतेसकट लिहिलेला आहे. सीस्मिथने सहा सीपीयू-वर्षं (एका प्रोसेसरची सहा वर्षं होतील एवढा वेळ) मारा करूनही त्या भागात चुकीचा कोड तयार करणारा एकही बग मिळाला नाही. कॉम्पसर्टमध्ये ज्या चुका सापडल्या त्या सिद्धता नसलेल्या भागात होत्या.

आता माझा अनुभव. एका कंपनीत मी रिफंडच्या सर्व्हिसवर काम करत होतो. महिन्यातून एखाद्या वेळी ग्राहकाला पैसे दोनदा परत जायचे. टेस्ट सगळ्या पास, लॉगमध्ये काही सापडेना. शेवटी मी टीएलए प्लसमध्ये मॉडेल लिहायला घेतलं, तर पहिल्याच ओळीला अडलो. ‘एका ऑर्डरला एकच रिफंड’ असा नियम मी लिहिला, आणि शेजारी बसणारी प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाली, “अहो, दोन वस्तू मागवल्या आणि दोन्ही वेगवेगळ्या दिवशी परत केल्या तर?” दोन वर्षं तो कोड सांभाळत होतो, पण बरोबर म्हणजे नेमकं काय हे आमच्यापैकी कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. मग नियम झाला: प्रत्येक परत केलेल्या वस्तूचे पैसे जास्तीत जास्त एकदा जातील, आणि एकूण रिफंड भरलेल्या रकमेपेक्षा कधीच जास्त नसेल.

मॉडेल चेकरने, म्हणजे मॉडेलमध्ये घडू शकणारे सगळे क्रम तपासणाऱ्या टूलने, काही सेकंदांत नियम मोडणारा क्रम दाखवला. पहिला वर्कर (रिफंडचं काम करणारा प्रोग्रॅम) लॉक घेतो, म्हणजे एका वेळी एकानेच काम करावं म्हणून ठरावीक मुदतीचा ताबा घेतो, रिफंड बाकी आहे असं वाचतो, बँकेला विनंती पाठवतो. बँकेचं उत्तर यायला उशीर होतो आणि तेवढ्यात लॉकची मुदत संपते. दुसरा वर्कर तोच लॉक घेतो, त्यालाही रिफंड बाकीच दिसतो, तोही विनंती पाठवतो. पहिल्याला आपला लॉक गेल्याचं कळतच नाही. हा क्रम टेस्टमध्ये कुणी मुद्दाम लिहिला नसता. अमेझॉनच्या इंजिनिअरांनी डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसच्या डिझाइनमधला जो बग अशाच पद्धतीने पकडला, तो दिसायला तर किमान ३५ पायऱ्यांचा क्रम लागत होता. एवढं माणसाच्या डोक्यात मावत नाही. आम्ही प्रत्येक रिफंडला कायमचा एक क्रमांक दिला आणि तोच बँकेला पाठवू लागलो, म्हणजे दुसरी विनंती बँकच नाकारते.

पण सहा महिन्यांनी एकाने रिट्रायचा, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवण्याचा, कोड बदलला, आणि तिथे दर वेळी नवा क्रमांक तयार व्हायला लागला. मॉडेल अजूनही बरोबरच होतं, कोड मात्र त्याप्रमाणे राहिला नव्हता. टीएलए प्लस डिझाइन तपासतं, तुमची जावा फाइल उघडूनही बघत नाही. त्यानंतर तोच नियम आम्ही रोज रात्री खऱ्या डेटाबेसवर चालणाऱ्या तपासणीत घातला.

कोडचीच सिद्धता केली तरी गृहीतकं उरतातच. २०१७ साली सिद्ध केलेल्या तीन डिस्ट्रिब्युटेड (अनेक मशीनवर मिळून चालणाऱ्या) सिस्टिम तपासल्या तेव्हा १६ बग निघाले. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मशीननी आपसात मेळ ठेवायच्या नियमांत, एकही नव्हता. ते होते कडेला: नेटवर्क किंवा फाइल सिस्टिम अशी वागेल असं जिथे धरून चाललं होतं तिथे, स्पेसिफिकेशनमध्ये (बरोबर म्हणजे काय ते लिहिलेलं असतं तिथे) आणि पडताळणीच्या टूलमध्ये. आणि खर्चही मोठा असतो. एसईएल४ या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सुमारे ८,७०० ओळींच्या सी कोडच्या सिद्धतेमागे जवळजवळ २० माणूस-वर्षं गेली. विमानात किंवा पेसमेकरमध्ये तो खर्च मी डोळे झाकून करीन. कूपन दाखवणाऱ्या स्क्रीनसाठी कधीच नाही.

म्हणून तुमच्या टीमला एवढंच सांगा: सगळ्या सिस्टिमचं मॉडेल करायला जाऊ नका. जिथे पैसे, लॉक किंवा दोन सर्व्हरमधला मेळ आहे तो एक तुकडा घ्या, आणि टूल उघडण्याआधी ‘हे कधीच घडता कामा नये’ असं एक वाक्य साध्या मराठीत लिहून सगळ्यांना दाखवा. त्यावर वाद झाला तर तो मिटेपर्यंत पुढे जाऊ नका. मॉडेल लहानच ठेवा. आमचा बग सापडायला दोन वर्कर आणि एक रिफंड एवढंच पुरलं होतं.