एकच क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीतली बिअर, ड्राफ्टवर (नळावर) महाग आणि बाटलीत स्वस्त का? चवीत खरंच एवढा फरक असतो का?

फरक असतो. पण ड्राफ्ट म्हणजे ताजी आणि बाटली म्हणजे शिळी असं जे लोक छातीठोकपणे सांगतात ते साफ चुकीचं आहे, आणि हे मी ४ वर्षं एका बारमध्ये बिअरच्या १२ नळांमागे उभं राहून सांगतेय. तुमचा प्रश्न वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली, ती आधी सांगते, कारण तुमचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आमच्याकडे एक काका यायचे. एकटेच यायचे, कोपऱ्यातली ठरलेली खुर्ची, आणि ठरलेली एकच पेल एल प्रकारची बिअर, जी आमच्याकडे नळावरही होती आणि बाटलीतही, तीच ब्रुअरी, तीच बिअर. एकदा त्यांनी दोन घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "अगं, याला लोण्याचा वास येतोय. बाटलीतल्या बिअरला येत नाही." मी ग्लास नाकाशी धरला. मलाही आला, अगदी स्पष्ट. पण शेजारी मालक उभे होते, मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, काका, बाटलीतली बिअर मेलेली असते, ही जिवंत आहे, क्राफ्ट अशीच लागते. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ती मान डोलावलेली मला आजही टोचते. काका एक शब्द बोलले नाहीत, पैसे ठेवले आणि जवळजवळ भरलेला ग्लास तसाच सोडून गेले.

रात्री बंद झाल्यावर मी तो नळ पान्याने उतरवला. आत बोट फिरवलं तर बोटाला तपकिरी बुळबुळीत थर आला, बाहेरून नळ आरशासारखा चकचकीत आणि आत हे. तरी मी लगेच निष्कर्ष काढला नाही, कारण लोण्यासारखी चव म्हणजे डायअॅसिटिल, आणि ते ब्रुअरीतच यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही तरी बिअरमध्ये राहतं. म्हणून थर तसाच ठेवून नळ परत बसवला, कोल्ड रूममध्ये गेले, त्याच केगला, म्हणजे बिअरच्या स्टीलच्या पिंपाला, दुसरा धुतलेला कपलर (केगला नळी जोडायचा सांधा), हातभर नवी नळी आणि प्लॅस्टिकचा छोटा पिकनिक नळ लावला आणि ग्लास भरला. स्वच्छ बिअर, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) छान वास, लोण्याचा मागमूस नाही. म्हणजे ब्रुअरीने चांगलीच बिअर दिली होती, केगपासून नळापर्यंतच्या १० मीटरमध्ये आम्ही तिची माती करत होतो.

या नळीत, म्हणजे लाईनमध्ये, पेडिओकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस असे जिवाणू वाढतात. त्यांनी माणूस आजारी पडत नाही, पण बिअर लोण्यासारखी नाहीतर आंबट होते. नळाच्या तोंडाशी हवा लागते तिथे व्हिनेगर करणारे जिवाणू बसतात. यावर उपाय अवघड नाही, दर १४ दिवसांनी कॉस्टिकच्या द्रावणाने लाईन धुवायची, नळ सुटा करून ब्रशने घासायचा, आणि ३ महिन्यांतून एकदा अॅसिडने आतला दगडासारखा साका काढायचा. अमेरिकेतली ब्रुअर्स असोसिएशन ही बिअर बनवणाऱ्यांची संघटनाही हेच सांगते.

मग मालक का करत नव्हते? हिशेब करून बघा. साधारण साडेनऊ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरला ७० मिली बिअर मावते. १० मीटरला ७०० मिली. लाईन धुवायची म्हणजे आतली बिअर बाहेर काढावी लागते, तर १२ लाईनींची झाली ८.४ लिटर, अर्ध्या लिटरचे जवळजवळ १७ ग्लास, दर १४ दिवसांनी गटारात. मालकांना ते १७ ग्लास दिसायचे. काकांनी सोडून दिलेला ग्लास दिसायचा नाही.

नळ उतरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांपुढे ३ ग्लास ठेवले, सगळे सारखे, कुठला कुठला ते फक्त मला माहीत. एक घाणेरड्या नळाचा, एक बाटलीतला, एक कोल्ड रूममधल्या छोट्या नळाचा. त्यांनी घाणेरड्या नळाचा ग्लास नाकाशी नेला आणि बाजूला सारला, म्हणाले ही बाटलीतली, जुनी आहे. बाटलीतल्या बिअरला म्हणाले, ही ताजी केग! मी सांगितलं तेव्हा म्हणे सकाळी जिभेला नीट चव कळत नाही. शेवटी महिन्यातून एकदा लाईन धुवायचं कबूल केलं, १४ दिवसांवर काही आले नाहीत, आणि आमचा तो वाद मी नोकरी सोडेपर्यंत मिटला नाही.

आता 'मेलेली बाटली' हे प्रकरण. बऱ्याच छोट्या ब्रुअरी बाटलीतली बिअर पाश्चराइज (जंतू आणि यीस्ट मारायला गरम) करतच नाहीत. काही बिअरला तर बाटलीतच दुसऱ्यांदा फसफसू देतात, तळाला यीस्टचा बारीक गाळ असतो, त्या बाटलीत जिवंत यीस्ट असतं. उलट मोठ्या कंपन्यांच्या कितीतरी केग पाश्चराइज केलेल्या असतात. म्हणजे जिवंत-मेलेलं हे बाटली की नळ यावर ठरतच नाही.

बाटलीचे खरे शत्रू दोन, उजेड आणि हवा. उजेडाने हॉप्समधला कडवटपणा देणारा घटक फुटतो आणि उग्र, जळक्या रबरासारखा वास येतो, कडक उन्हात तर काही मिनिटांत. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. म्हणून उजेडाच्या फ्रीजमध्ये ओळीने मांडलेली हिरवी बाटली मी कधीच घेत नाही. भरताना आत राहिलेल्या हवेने बिअर हळूहळू ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते, गरम जागी ठेवली तर अजून लवकर. केग स्टीलची, तिथे उजेडाचा प्रश्न नाही, ती सहसा थंडच ठेवतात, वर कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो. त्यामुळे धुतलेली लाईन आणि पटापट संपणारी केग असेल तर ड्राफ्टच जिंकतो, हे मी मान्य करते. पण 'असेल तर'.

पैशाचं थोडक्यात सांगते. लोक दुकानातल्या बाटलीची तुलना बारमधल्या ग्लासशी करतात, ती चूक आहे, ग्लासच्या किमतीत जागा, ओतणारा माणूस, धुणं, कोल्ड रूमची वीज सगळं येतं. बारमधलीच बाटली आणि बारमधलाच ग्लास बघा, आणि मिलीने बघा. ५० लिटरच्या केगमध्ये ३३० मिलीच्या १५१ बाटल्यांएवढी बिअर असते, वर काच, बूच, लेबल, खोका काही नाही आणि केग परत वापरतात, तेव्हा ब्रुअरीला ती लिटरमागे सहसा स्वस्तच पडते. पुढे फेसात आणि धुण्यात काही लिटर जातात ते खरं. आणि 'पाइंट' शब्दावर जाऊ नका, ब्रिटनमधला पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकेतला ४७३ चा, त्यातही काठोकाठ भरला तरच ४७३ मावेल असा ग्लास असला तर दोन बोटं फेस धरून हातात त्याहून बरीच कमी येते. फेस हवाच, त्याने वास वर येतो, पण किंमत पोटात जाणाऱ्या बिअरची मोजा.

हे सगळ्या बिअरना सारखं लागू नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. हॉप्स भरपूर असलेल्या आयपीए प्रकारच्या बिअरचा वास काही आठवड्यांतच उतरतो, तिथे भरल्याची तारीख बघा, नळ की बाटली नंतर. दाट इम्पीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइन अशी जास्त अल्कोहोलची बिअर बाटलीत वर्षानुवर्षं मुरते, तिथे बाटलीच घ्या. नायट्रोजनवाली स्टाउट नळावरच घ्या, तो साईसारखा फेस साध्या बाटलीत येत नाही. आणि ग्लास ३-४ अंशांवर आला असेल तर पाच मिनिटं थांबा, एवढ्या थंडीत चांगलं-वाईट काहीच कळत नाही. माझ्या मालकांचा निम्मा दोष त्या गारव्याखालीच लपायचा.

तर जास्त पैसे द्यायच्या आधी एकच विचारा, लाईन शेवटची कधी धुतली? ज्याने धुतली असते तो दिवस सांगतो. आधी थोडी चव मागा, नाही म्हणाले तर बाटली घ्या. ग्लासच्या आत बाजूंना बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासच नीट धुतलेला नाही, परत करा. लोण्याचा वास आला आणि समोरचा म्हणाला क्राफ्ट अशीच लागते, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, ग्लास ठेवा आणि उठा, काका उठले तसे.

ते काका चार-पाच आठवड्यांनी परत आले आणि त्यांनी बाटली मागितली. मी म्हटलं, काका, तुमचं बरोबर होतं, लाईन घाण होती, आता मी स्वतः धुतली आहे. ते म्हणाले, "तुला त्या दिवशीच माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी बाटलीच घेतली. मालक, तुम्ही हे कुठे वाचत असाल तर १४ दिवस. महिना नाही.